अब्बांची चतकोर

"चौथ्या कोरसमोर खूण करू नकोस, नौशीन! माऊसवरचा हात काढ."

"का काढू? कॉम्प्युटरला चार कोर, म्हंजे चार मेंदूच, आणि तू तिनावर चालवतोयस. चौथी काय पाहुण्याला ठेवलीयस?"

"व्हय. तसंच समज."

"भाईजान, सरळ हिशेब हाय. तीन कोरवर लग्नाची फिल्म तयार होऊन निघायला सहा तास, चारवर साडेचार. आत्ता बारा वाजलेत. दिवस मावळतोय सहाला. सम्मेदच्या आजोबांना कवा दाखवणार?"

हिशेब बरोबर होता, हे अजमललाही कळत होतं. दुधगावच्या शांतिनाथआजोबांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत मरणाला सामोरं जाण्याचं जैनांचं व्रत, घेतली होती. अन्न केव्हाच सुटलं होतं. अंथरुणाला खिळल्यामुळं त्यांना नातीच्या, ब्राह्मीच्या लग्नाला जाता आलं नव्हतं. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं. आज सूर्यास्तानंतर ती इच्छाही सोडणार होते. ब्राह्मीचा भाऊ सम्मेद सकाळीच येऊन सांगून गेला होता, "अजमलभाई, आज म्हंजे आजच."

आष्ट्यात लग्न कुणाचंही असो, शूटिंग अजमलचं. त्याआधी त्याच्या वडिलांचं, बादशहाभाईंचं. खांद्यावर व्हिडिओ कॅसेटच्या कॅमेऱ्याचं धूड घेऊन ते मांडवभर फिरायचे. नवरानवरी सोडून भलत्याच माणसावर तीन सेकंद थांबायचे. भांडी घासणारी बाई, कोपऱ्यात एकटा बसलेला म्हातारा. "ज्याच्याकडं कुणी बघत न्हाई, त्याला आपुन बघायचं," म्हणायचे. अजमलला ते जमलं नाही. तो गिऱ्हाईक सांगेल तसं करणारा, वेळेवर देणारा, कुणाला उलट न बोलणारा माणूस.

तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या दवाखान्यात बादशहाभाई शेवटचं बोलले ते एवढंच, "एक कोर ठेवा." अम्मीला, अख्तरबींना वाटलं, भाकरीची. अजमलला वाटलं, मशीनची. विचारायला माणूस उरला नव्हता. तेव्हापासून अम्मी रोज दुपारी ज्वारीच्या भाकरीची चतकोर ताटलीत घालून कॉम्प्युटरशेजारी ठेवते, आणि अजमल चौथ्या कोरसमोरची खूण काढून ती बंद ठेवतो.

"वेड लागलंय दोघांनाबी," नौशीन म्हणाली. अजमलची ही बहीण शिरवळच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते, सुट्टीला आलेली. तिनं खूण केली आणि फिल्म तयार व्हायला लावली.

पडद्यावर चार चौकटी होत्या, प्रत्येक कोरची एक. तीन चौकटींतल्या रेघा उसळून वर गेल्या. चौथीतली तळाशी आडवी पडून राहिली.

"आता का चालंना ही? चालू तर हाय."

अर्धा तास गेला. फिल्म दोन टक्क्यांवर अडकली होती. पंख्याचा आवाजही बारीक झाला होता.

जिन्यावरून अम्मी ताटली घेऊन आली. पडद्याकडं न बघताच म्हणाली, "कुणी उठवलं रं तुझ्या अब्बांना जागेवरनं?"

अजमलनं पुढं होऊन खूण काढली.

चौथी रेघ हलली. आधी जरा, मग सरळ वरपर्यंत. बंद असलेली कोर बाकी तिघींपेक्षा जोरात पळत होती.

"हे असं होत न्हाई," नौशीन हळूच म्हणाली.

"रोज होतंय."

"आणि तू घाबरत न्हाईस?"

"आधी घाबरायचो. मग फिल्ममदी मी न जोडलेले शॉट दिसाय लागले. तीन-तीन सेकंदांचे." तो पडद्याकडंच बघत होता. "अब्बांचं काम मला वळखू येतंय गं."

चार कोरवर साडेचार तास लागले असते. फिल्म सव्वातीनला निघाली. ताटलीत नौशीननं मुद्दाम पाहिलं. चतकोर तशीच होती, फक्त कडेला एक घास कमी.

सम्मेद आला. "शेवट तेवढा बघू दे भाई, लगीच निघतो."

पाठवणी. रडणारी ब्राह्मी, गुलालानं माखलेली पोरं. मग कॅमेरा सगळ्यांना सोडून मांडवाच्या शेवटच्या रांगेकडं वळला. प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेला म्हातारा बसला होता. त्यानं कॅमेऱ्याकडं बघून हात जोडले. एक. दोन. तीन. पडदा काळा झाला.

सम्मेदनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आजोबा... ते तर घरात झोपून हुते. लग्नाला नव्हतेच."

"मी न्हाई घेतला हा," अजमल म्हणाला. "आईशप्पथ."

"मग कुणी घेतला?"

अम्मी ताटली फडक्यानं झाकत होती.

"काढून टाकू का?" अजमलनं विचारलं. "शेवटचा तुकडा कापणं पाच मिनिटांचं काम हाय. सम्मेद, आजोबांना हे दाखवणार हायस का?"

सम्मेदनं कॉम्प्युटरला लावलेला फिल्मचा पेनड्राइव्ह उपसून छातीजवळच्या खिशात घातला, चपला पायांत सरकवल्या, झाकलेल्या ताटलीला वाकून हात जोडले आणि जिना उतरून गेला.