दाजींची अडीच हजारांची गळती

आमचे दाजी प्लंबर. ताईच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हे गृहस्थ नव्या कपड्यांनिशी हॉलमधल्या गळक्या नळाखाली वाकलेले होते. त्यांचा सिद्धांत एकच: पाइप गळत नाही, सांधा गळतो. भिंतीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मी शाळेत गणित शिकवतो, कानावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण दाजींनी बोट ठेवलं तिथेच ओल निघते हे मी दहादा पाहिलंय, आणि दर वेळी मला त्यांचा राग आलाय.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, परदेशात एका इस्पितळाच्या लाँड्रीत काम करते. ताईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती दर महिन्याला तिकडचे पाचशे पाठवायची. ऐंशीच्या दराने आपले चाळीस हजार व्हायला हवेत. खात्यात पडायचे साडेसदतीस. तीन महिने असं झाल्यावर दाजींनी फोनवर सरळच विचारलं, "पाचशे म्हणतेस, मग एवढेच कसे येतात? खरं सांग, कमी पाठवतेस ना?"

"पाचशेच पाठवते, बाबा. पावतीवर शुल्कसुद्धा शून्य लिहिलंय." तिने पावतीचा फोटोही पाठवला.

दाजी "हं" म्हणाले. ते "हं" मी चांगलं ओळखतो. गिऱ्हाईक "नळाला मी हातही लावला नाही" म्हणालं की ते असंच "हं" म्हणतात. भाचीनेही ओळखलं असणार, कारण त्यानंतर तिचे फोन फक्त ताईच्या मोबाइलवर यायला लागले.

पुढच्या महिन्यात खात्यात चाळीस हजार पडले, वर एक्केचाळीस. "बघा, झालं ना सुरळीत," ताई म्हणाली. दाजी मात्र चहा निववत बसून राहिले.

"मास्तर, गळती आपोआप थांबत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो."

"तुम्ही दम दिलात, तोच हात लागला," मी म्हणालो. म्हणायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. माझ्या बोलण्याचा अर्थ एवढाच होत होता की पोरगी आधी खोटं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दाजी अवजारांची पिशवी खांद्याला लावून मला बँकेत घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या बाईंना त्यांनी विचारलं, "मॅडम, तिकडून इथवर पैसे येतात, तर मध्ये सांधे किती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला. त्यांनी जुन्या महिन्याचा कागद छापून दिला. सांधे दोन निघाले. वाटेत आणखी एक बँक लागते, ती तिकडचे दहा कापून घेते, म्हणजे आपले आठशे. मग आमची बँक पैसे आल्याचे दोनशे तीस घेते. दाजी इतके खूश झाले, जणू कागदावरच ओल दिसली. मग मी बेरीज केली. एक हजार तीस. अडीच हजारांतले चौदाशे सत्तर अजून बेपत्ता होते.

"आणखी एखादा सांधा असेल, बघा ना."

"नाही हो. कपाती दोनच. बाकी कुठे काही कापलेलं नाही."

दाजींनी कागदाची घडी करून खिशात घातली. ते चौदाशे सत्तर आता पोरीच्या नावावर पडत होते.

चार दिवसांनी ते माझ्या घरी आले. माझं पाण्याचं बिल वाढलं होतं. दाजींनी घरातले सगळे नळ बंद केले. मीटरचा काटा जागच्या जागी. म्हणजे गळती नाही. मग त्यांनी वीस लिटरची बादली काठोकाठ भरली. मीटर बावीस लिटर पुढे सरकला. मी पाणी खात्याच्या नावाने बोटं मोडायला लागलो, तर दाजी बाथरूममधल्या स्टुलावर बसलेले.

"मास्तर, सांधा नाहीच. मापच कमी आहे."

"कमी कसलं, जास्त दाखवतोय!"

"मीटरचं नाही म्हणत मी. पोरीच्या पैशांचं म्हणतोय. कुठल्या मापानं मोजले त्यांनी?"

कागद त्यांच्या खिशातच होता. खाली बारीक अक्षरात दर लिहिला होता: सत्त्याहत्तर. त्या दिवसाचा बाजारातला दर मी मोबाइलवर शोधला: ऐंशी. दहा कापून राहिले चारशे नव्वद. चारशे नव्वद गुणिले तीन, चौदाशे सत्तर. मी दोनदा गुणलं. गणिताचा मास्तर असून मी तोवर ऐंशीच धरून बसलो होतो, याची मला अजून लाज वाटते.

आम्ही पुन्हा बँकेत गेलो. बाई म्हणाल्या, "ती कपात नाही हो, तो आमचा दर. त्यामुळे वेगळी दिसत नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पाठवायच्या आधी दोन-तीन ठिकाणी एकच विचारायला सांगा मुलीला. सगळं जाऊन हातात किती पडणार?"

आम्ही निघालो. दाजी पायरीवरच थांबले. "मास्तर, आता उलटं करा. चाळीस हजार एक्केचाळीस पोचायला तिकडून निघाले किती?"

मी तोच दर धरून मांडलं. पाचशे तेहतीस.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या फोनवरून तिला लावला. "तू पाचशे तेहतीस पाठवतेस?"

"रविवारी सकाळी चार तास जाते, बाबा. चादरीच असतात. जड काही नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही विचारलंत तेव्हापासून."

"चुकलं माझं, बाळा," दाजी म्हणाले. आमच्या सगळ्यांसमोर, मोठ्याने. पंचवीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताईने डोळ्यांना पदर लावला. माझंही काही वेगळं नव्हतं.

भाचीने विचारपूस करून दुसरी सोय शोधली. पुढच्या महिन्यात पाचशेच निघाले आणि एकोणचाळीस हजार सहाशे पोचले. तो आकडा दाजींनी नुसता पाहिला आणि फोन खिशात टाकला. पण रविवारी, तिकडे सकाळचे दहा वाजल्यावर, त्यांनी तिला फोन लावला. दोन शब्द बोलले आणि ठेवला.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"झोपलीय," दाजी म्हणाले, आणि आम्हाला हळू बोलायची खूण केली.