खंडेनवमीला चिंच वाचली

वटवाघळांवर संशोधन करायला मी इंजिनिअरिंगची नोकरी सोडली, तेव्हा रहाटणीच्या आमच्या बिल्डिंगीत असा सन्नाटा पसरला की लिफ्टसुद्धा दोन मजल्यांच्या मध्ये थबकली. आई अजूनही पाहुण्यांना "ती पर्यावरणात असते" एवढंच सांगते.

माझा सगळा अभ्यास चिखलीतल्या एका वर्कशॉपमागच्या चिंचेवर लटकलेला. संध्याकाळी तिथली वाघळं उडाली, की रस्त्यावरचे दिवे अंधार समजून आपोआप लागत! पण झाडाखाली रंगवलेले जॉब, म्हणजे गाड्यांचे बंपर, वाळत ठेवलेले असत. वाघळं वरून त्यांवर स्वतःची नक्षी काढत आणि कंपनी माल परत पाठवी. मालक काका वैतागले. खंडेनवमीला शेड बंद, म्हणून त्याच दुपारी त्यांनी झाड तोडायला माणसं बोलावली.

कळल्याबरोबर मी स्कूटर जवळजवळ हवेतूनच आणली.

"काका, परवानगी काढलीत?"

"येईल की ती. आधी झाड तर जाऊ द्या."

"अहो, ही वाघळं जंगलभर बिया पेरतात!"

"व्हय, आन् माझ्या बंपरवर बी पेरत्यात."

शेडमध्ये काकूंनी पूजा मांडली होती. लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या, सगळे झेंडू घालून नवरदेवासारखे बसलेले. तोडणाऱ्यांची यंत्रकरवत तेवढी दारात उघडीबोडकी पडली होती.

"काकू, हिनं काय पाप केलंय?" मी म्हटलं.

"अगं बाई, खरंच की!" काकूंनी करवत पाटावर घेतली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. मी आरती इतकी खणखणीत म्हटली की चाकणपर्यंत प्रसादाला रांग लागली असेल. तेवढ्यात करवतवाल्यानं हात पुढे केला.

"हात लावू नको!" काकू गरजल्या. "पुजलेलं हत्यार हाय. दसऱ्याशिवाय हलायचं न्हाई."

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ताई, तुम्ही वाघळं शिकला का वकिली?"

चहा-पेढे होईतो दिवस कलला. एरवी या वेळी काका आत मशिनच्या खडखडाटात असत. आज सगळे अंगणात होते. चिंच एकदम सळसळली आणि डोक्यावरून वाघळांची रांगच्या रांग निघाली. पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्याही त्यात होत्या. काकांचा पेढा हातातच राहिला.

"एवढी? आमच्याच झाडावर?"

"तुमच्याच. घरचीच म्हणा."

करवतवाल्यानं विचारलं, "शेठ, मग उद्या दसरा झाल्यावर येऊ का?"

काकांनी आभाळावरची नजर काढली नाही. "तू नको. पत्रेवाल्याला धाड. जॉबवर छप्पर टाकून घेऊ."