हमीदाआपा आणि ओट्यावरचा तांब्या

हमीदाआपा कुणाच्याही दारात गेल्या, की आधी माणसाकडे नाही, तांब्याकडे बघायच्या. देवगाव रंगारीच्या पुढं असलेल्या आमच्या गावात त्या आरोग्य खात्याच्या आशाताई आणि मी शाळेतला मास्तर. कोरोनात शाळा बंद, म्हणून म्हाताऱ्यांची चौकशी करायला मला त्यांच्याबरोबर जुंपलेलं. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. घरातली माणसं म्हाताऱ्यांना ओट्यावरसुद्धा बसू देत नव्हती.

आम्हाला दारं कुणी उघडेना. मग आपांनीच तोड काढली. "रोज सकाळी भरलेला तांब्या ओट्यावर ठेवा. तांब्या दिसला की मी समजन, माणूस चांगलंय. नाय दिसला तर दार ठोकीन, मग बोंबलू नका!"

काशिनाथबाबा एकटेच राहायचे. एका सकाळी त्यांचा तांब्या जागेवर होता. उन्हानं मी वैतागलेलो. "ठीक आहे, चला," म्हणालो. आपा हलेनात.

"ओ गुरुजी, बाबाचा तांब्या राखेनं घासल्याला राहतो. ह्यो बघा, काळा पडलाय. हे बाबाचं काम नाय."

शेजारीण कबूल झाली. बाबांनीच तिला गळ घातली होती, तीन दिवस तीच तांब्या ठेवत होती. बाबा आत तापानं फणफणलेले. खिडकीचे गज धरून ते रडायलाच लागले. "बाय, मला नेऊ नको. नेल्यालं माणूस वापस येत नाय."

"मी आणते ना वापस! अल्ला की कसम, बाबा."

बाबांनी कडी काढली. पंधरा-वीस दिवसांनी आपांनी त्यांना शहरातल्या दवाखान्यातून खरंच आणून घरी सोडलं.

दुसऱ्या लाटेत आपांच्याच ओट्यावर तांब्या दिसला नाही. नवरा-पोरांना त्यांनीच खुलताबादला धाडलेलं. मी दार ठोकलं. अख्ख्या गावाला समजावणारी ही बाई तापल्या अंगानं उंबरा धरून बसली. "गुरुजी, मला नका नेऊ."

मला दुसरं काही सुचलंच नाही. म्हणालो, "आपा, मी आणतो ना वापस."

त्या उठल्या, चपला घातल्या. माझ्यावर विश्वास ठेवला हो त्यांनी!

मला त्यांना आणता आलं नाही.

काशिनाथबाबांचा तांब्या अजून रोज ओट्यावर असतो, राखेनं घासलेला. शाळेची वाट तिथूनच जाते. मी मान खाली घालून जातो.