टेबलावरचा सिक्स

इथे आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या एका चॅरिटी शॉपमधून माझ्या मुलीनं, इरानं, टेबलावर क्रिकेट खेळायचा सहा बाजूंचा लाकडी भोवरा आणला; बाजूंवर धावा आणि 'आउट' लिहिलेला. काल तो आमच्या डायनिंग टेबलवर खडखडत फिरला, लवंडला, आणि त्या आवाजासरशी मी थेट नागपूरला पोचले.

उन्हाळ्याची सुट्टी, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, गार फरशी आणि अगदी तसाच भोवरा. मला जिंकायला सहा हवे होते आणि वरच्या बाजूला चक्क 'सिक्स' आला. माझा चुलतभाऊ मन्या भोकाड पसरून म्हणाला, "धक्का लागला! परत फिरव." धक्का कसला डोंबलाचा! पण आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "तू समजूतदार आहेस ना? फिरव परत."

मी फिरवला. आउट. मन्या घरभर नाचला. समजूतदार म्हणवून घेण्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मन्याला कधी कुणी समजूतदार म्हटलं नाही. त्याला नुसतं जिंकू दिलं.

काल इथे टेबलावरही इराचा सिक्स पडला होता आणि तिच्या धाकट्या भावानं गळा काढला होता. आमच्याकडे राहायला आलेली आई लगेच म्हणाली, "इरा, तू समजूतदार ना? फिरव परत."

"इट्स ग्रँड, आजी," इथल्या आयरिश पोरांसारखं 'चालतंय' म्हणत इरानं भोवऱ्याकडे हात पुढे केला.

मी तो धरला. "काही ग्रँड नाहीये. सिक्स आहे तो. आणि आई, तेव्हाही सिक्सच होता."