फळी काढायच्या आधी

मुकादम मावशी नव्या जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी चपला काढायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, इथे कुठेतरी देव असेल. मीही घाईघाईने सँडल काढले आणि हातात धरून उभी राहिले. त्या माझ्या पायांकडे बघून हसल्या. "देव नाय गो बाय, ओल बघते. पानी कुठून येतं न कुठं जातं ते पायाला कळतं. चपलेला काय कळतंय?"

ही २०१७ सालची गोष्ट. विवळवेढ्याहून तलासरीकडे जाताना हायवेपासून आत एक रिसॉर्ट उभं राहत होतं आणि त्याच्या गोल्फ कोर्सचं काम चालू होतं. मावशी तिथे माती-गवताचं काम करणाऱ्या सतरा बायांच्या मुकादम. राहायला खालच्याच पाड्यावर. मी डहाणूची, चिकूच्या वाडीतली, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि चारचौघांत तोंड न उघडणारी. ही नोकरी केली तर पोरगी जरा धीट होईल, असं घरच्यांना वाटलं होतं.

माझं काम म्हणजे मेंबर होऊ पाहणाऱ्या पाहुण्यांना अर्धवट कोर्स फिरवून दाखवणं. लाल मातीचा ढीग दाखवून इथे क्लब हाऊस, दोरीने आखलेला चिखल दाखवून इथे तिसरं होल. वाक्यं पाठ करून दिलेली होती, त्यामुळे मला सोपं जायचं. त्यांतलं एक वाक्य चौथ्या टीवर, म्हणजे चेंडू मारायच्या जागेवर, उभं राहून म्हणायचं: तळ्याच्या पलीकडे फक्त निसर्ग आहे, वस्ती नाही. तिथून खरंच काही दिसत नसे. जमीन एकदम खाली उतरायची आणि सागाची झाडं आड यायची. मावशी आणि त्यांच्या बाया रोज सकाळी त्याच उतारावरून चढून कामाला येत. ते मी बघत असे. तरी अकरा वाजता पाहुणे आले की वाक्य तेच.

मावशींना या खेळाचं फार नवल. "भोक केवढं असतं?" त्यांनी एकदा विचारलं. मी हाताने दाखवलं. "म्हंजे खेकड्याचं बीळ. मग हात घाला की. काठी कशाला?" बाया हसून हसून खाली बसल्या. एकदा तर त्यांनी कहरच केला. पाचव्या होलचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, मुद्दाम उंचसखल ठेवलं होतं. मावशींच्या टोळीने दोन दिवसांत ते भाताच्या खाचरासारखं सपाट केलं आणि कडेने सुरेख बांधही घातला. कोर्सचे साहेब ते बघून डोकं धरून उभे. मावशी मला म्हणाल्या, "एवढा चढउतार होता, मना वाटलं आधीचे लोक काम अर्धं टाकून पळाले." साहेब मुंबईचे, त्यांना मावशींचं बोलणं कळत नसे. त्यांनी विचारलं काय म्हणते, तेव्हा मी म्हटलं, "सॉरी म्हणतेय."

तळ्याचं पाणी सोडायचं काम मात्र मावशींकडेच असे. लोखंडी दार अजून बसलं नव्हतं. बांधातल्या खाचेत लाकडी फळ्या होत्या. पाणी वाढलं की पहारीने वरची फळी उचकटायची. ते पाणी खालच्या ओहोळात जायचं. फळीला हात लावण्याआधी मावशी बांधावर जाऊन खाली तोंड करून लांबलचक हाक मारत. खालून उत्तर आलं की मगच फळी. मी विचारलं तर म्हणाल्या, "वरच्याने बांध फोडायचा तर खालच्याला हाक मारायची. माझं दिराशी आठ वर्सं बोलनं नाय. पावसात हाक तेवढी मारतो दोघं."

जुलैमध्ये साहेबांचे काही खास पाहुणे आले. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. तळं काठोकाठ भरून पाणी चौथ्या ग्रीनच्या नव्या गवतापर्यंत आलं होतं. पाहुणे टीवर पोचले, माझं वाक्य म्हणून झालं, आणि ग्रीन पाण्यात जायच्या आत दोन फळ्या काढा, असा साहेबांचा निरोप मला मिळाला. मी धावत बांधावर गेले. मावशींची एक हाक मारून झाली होती. खालून काहीच आलं नाही. ओहोळाचाच आवाज मोठा होता.

मागून साहेब आले. "ये चिल्लाना बंद करवाओ. गेस्ट सुन रहे हैं."

मी म्हटलं, "मावशी, ओरडू नका म्हणतात. पाहुणे आहेत."

"उत्तर नाय आलं."

"साहेब म्हणतात, खाली कोणी नसतं."

"साहेबाला कोनी सांगितलं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, एखाद्या जमिनीकडे बघावं तसं पाहिलं. मग हातातली पहार माझ्या हातात दिली. "तुला ठाऊक हाय ना, कोनी नाय? मग तू काढ."

पहार ओली होती आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड. मावशी माझ्यापुढून बांधाच्या टोकाला गेल्या, तोंडाशी हात धरून त्यांनी पुन्हा हाक मारली. टीवरचे पाहुणे वळून बघायला लागले. साहेब हातवारे करत होते. तिसऱ्या हाकेनंतर खालून एका बाईचा बारीक आवाज आला.

मग झाडांतून माणसं वर यायला लागली. आधी कमरेवर टोपली घेतलेली एक बाई. मग मासे धरायची जाळी खांद्यावर टाकलेले दोन म्हातारे. दोरीला खेकडे बांधून मिरवणारी पोरं. पाठीला तान्हं बांधलेली एक मुलगी, माझ्याच वयाची. मी तेवीसपर्यंत मोजलं आणि थांबले. ते सगळे पलीकडच्या काठावर उभे राहून वर आमच्याकडे बघत होते. उघडीप मिळाली म्हणून अख्खा पाडा ओहोळात उतरला होता.

मावशींनी माझ्या हातातून पहार घेतली आणि फळी काढली. ती माणसं ज्या दगडांतून आली होती ते दगड बघता बघता दिसेनासे झाले. नुसतं तांबडं पाणी. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या एका पाहुण्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तर म्हणालात इथे कोणी राहत नाही?" त्या दिवशी जेवताना घास उचलला की हातात पहारच जाणवायची.

दुसऱ्या दिवशी मावशींना कामावरून काढलं. पाहुण्यांसमोर तमाशा केला म्हणून. ते सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मावशी म्हणाल्या, "बरं. नव्या मानसाला हाक मारायला सांग."

नवा माणूस बाहेरचा होता आणि त्याला ओरडायची मनाई होती. तेव्हापासून पाऊस लागला की मावशी कुंपणाबाहेरच्या खडकावर येऊन बसायच्या. तिथून फळ्या दिसत नसत. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसत. नवा माणूस पहार घेऊन निघाला की मी मावशींच्या मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायची. आमचं याबद्दल कधी बोलणं झालं नाही. पहिल्यांदा दिला तेव्हाच त्यांना कळलं. जरा वेळाने खालून त्यांची हाक ऐकू यायची. साहेब विचारायचे, कौन है? मी म्हणायची, गुराखी असेल.

पुढच्या वर्षी, पाऊस तोंडावर आलेला असताना, मी राजीनामा दिला. कोर्स पूर्ण होत आला होता, छापील माहितीत ते वाक्य तसंच होतं, आणि ते मला पुन्हा म्हणवेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला तोंडावर नाही म्हटलं होतं. संध्याकाळी थेट मावशींच्या घरी गेले. त्यांनी कोरा चहा दिला.

"मावशी, मी नोकरी सोडली. ते खोटं मी आता बोलणार नाही."

त्या खूश होतील, निदान पाठीवरून हात फिरवतील, असं मला वाटलं होतं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सोडली?"

"हो."

"मग आतून कोन सांगील?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, एकदाही नाही. मी फक्त माझ्या तोंडचं वाक्य बघत होते.

बाहेर डोंगराच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं. मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल कमरेतून काढला, जरा वेळ हातात धरला आणि भिंतीतल्या फळीवर ठेवून दिला. मग कोपऱ्यातला प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतला. "आता दिवसभर हाका मारत बसाया पायजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कुंपणाकडे जायला निघाल्या. दारात मात्र वळल्या.

"तू चहा पी गो बाय. निवेल."