हस्तकलेचं बक्षीस नको

परीक्षक म्हणून बोलावणं आलं तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. फोन संस्थेच्या अध्यक्षांचा होता. नागपूर आणि आसपासच्या चित्रकारांसाठी त्यांची संस्था दरवर्षी प्रदर्शन भरवते, बक्षिसं देते. "मॅडम, यंदा एक महिला परीक्षक हवीच," ते म्हणाले. म्हणजे चित्रकार हवी होती असं नाही, बाई हवी होती. मी हो म्हटलं. आत शिरल्यावर गप्प बसायचं की नाही, ते माझं मी ठरवणार होते.

त्या प्रदर्शनाशी माझं जुनं नातं. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मी ड्रॉइंगच्या बाई होते. तरुणपणी चार वेळा तिथं चित्रं पाठवली आणि चारही वेळा 'उत्तेजनार्थ' घेऊन घरी आले. चौथ्या वेळी एक परीक्षक हसून म्हणाले, "घरसंसार सांभाळून एवढं करता, कौतुक आहे." त्यानंतर मी चित्रं पाठवणं बंद केलं. काढणं बंद केलं नाही.

आम्ही तिघं परीक्षक होतो. मी, नागपुरातलेच एक वयस्क शिल्पकार आणि मुंबईहून बोलावलेले एक समीक्षक. सभागृहात चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. कलाकारांची नावं झाकलेली, वर फक्त नंबर. जिकडे पाहावं तिकडे वाघ. आमच्याकडे वाघ विकला जातो, म्हणून वाघ काढला जातो. पाणी पिणारा, झेप घेणारा, पिल्लं चाटणारा. मी मोजायला लागले आणि अकराव्यावर सोडून दिलं.

त्रेचाळीस नंबर कोपऱ्यात होता. तो दिसायच्या आधी मला शिंक आली. मग शिल्पकारांना आली. मिरचीची पाच बारदानं उसवून एकमेकांना जोडली होती, दारापेक्षा उंच. त्यावर कोळशानं काढलेले हात. नुसते हात, चेहरा कुठंच नाही. बोटांच्या टोकांना लाल धाग्याचे टाके घातलेले, इतके दाट की बोटं सुजल्यासारखी दिसत होती. काही ठिकाणी बारदानाचे धागे ओढून भोकं पाडली होती आणि हात त्या भोकात जाऊन संपत होते.

"पाह्यलं का, बाई?" शिल्पकार हळूच म्हणाले.

"पाहूनच राहिली," मी म्हटलं.

समीक्षक रुमाल नाकाला लावून आले. "छान आहे. पण हे क्राफ्ट झालं. लोककला म्हणू फार तर. पेंटिंगच्या विभागात कसं बसवणार?"

"हात कोळशानं काढलेत. रेषा बघा ना."

"पण ही शिवण?"

"शिवणाऱ्या हाताला चित्र येत नाही, असं कुठं लिहिलंय?"

मग मी बोलतच सुटले. भिवापूरकडे मिरचीचे देठ तोडायला बायका रांगेनं बसतात, त्या जागेला सातरा म्हणतात. दिवसभर मिरची हाताळून बोटांची आग होते, घरी जाऊन लेकराच्या तोंडाला हात लावायची सोय नसते. "ही बाई त्याच सातऱ्यावरची मजूर असणार," मी म्हटलं. "कुणी शिकवलं नसताना तिनं आपलं जगणं मांडलंय. याच्यापुढं हे वाघ काय आहेत?" माझं मलाच ते वाक्य फार आवडलं होतं. ते पुढं मला महागात पडायचं होतं.

मतं दोनास एक पडली. शिल्पकार आणि मी एका बाजूला, समीक्षक दुसऱ्या. त्रेचाळीसला पहिलं बक्षीस, असं ठरवून आम्ही उठलो.

चार दिवसांनी अध्यक्ष टाइप केलेला निकाल घेऊन घरी आले. पहिलं बक्षीस पाणी पिणाऱ्या वाघाला. त्रेचाळीस नंबर शेवटच्या ओळीत, 'ग्रामीण हस्तकला विशेष पुरस्कार'. असा पुरस्कार आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वातच नव्हता.

"परीक्षकांचा निर्णय म्हणजे शिफारस असते, मॅडम. कार्यकारिणीनं थोडा समतोल साधला." त्यांनी पेन पुढं केला. "सही करून द्या."

"नाही करणार."

"काहून ताणून राहिल्या मॅडम? तिले बक्षीस तर भेटूनच राहिलं ना?"

"तिला जे भेटून राहिलं ते तिचं नाही. आणि जे तिचं आहे ते तुम्ही दुसऱ्याला देऊन राहिले."

ते हसले. मी लहान मूल असल्यासारखे हसले आणि कागद तसाच घेऊन गेले. सही नसल्यानं काहीच अडलं नाही. समारंभाच्या पत्रिका छापून आल्या, त्यावर परीक्षक म्हणून माझं नावही होतं.

शिल्पकारांचा फोन आला. त्यांनीही सही केली नव्हती. "जायचं का बाई?"

"जायचं. खुर्ची ठेवली आहे, तर बसायचं."

समारंभाला सभागृह भरलं होतं. गुडघ्यांमुळे शिल्पकारांना पायऱ्या चढवेनात, ते पहिल्या रांगेत बसले. मी स्टेजवर. निवेदिकेनं त्रेचाळीस नंबरचं वर्णन सुरू केलं. "जिनं कधी ब्रश हातात धरला नाही, जिला अक्षरांचीही ओळख नाही, अशा एका कष्टकरी मजूर भगिनीची ही हस्तकला..." शब्द सजवलेले होते, पण मूळ माझंच होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते समीक्षकांनी अध्यक्षांना सांगितलं असणार.

मागच्या रांगेतून एक तिशीची बाई आली. सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी. तिच्यासोबतची म्हातारी खुर्चीच्या कडेवर ताठ बसून होती. अध्यक्षांनी सन्मानचिन्ह माझ्या हातात दिलं आणि फोटोवाल्याला खूण केली.

ती माझ्यासमोर उभी राहिली, पण तिनं हात पुढं केले नाहीत.

"मले हे नाही पाहिजे," ती म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं, लाजते आहे. "घ्या घ्या ताई. फोटो काढू."

"मी हस्तकलेत नव्हतं पाठवलं. फॉर्मवर चित्रकला लिहिलं होतं." तिनं निवेदिकेकडे वळून पाहिलं. "अन् मी अडाणी नाही. मी एटीडी केलं आहे, ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा. शाळेत पोरायले चित्रं काढाले शिकवते. सातऱ्यावर माही आई जाते, मी नाही. ते हात तिचे हाय. काढले मी."

सन्मानचिन्ह माझ्या हातात होतं आणि ते मला कधी नव्हे इतकं जड वाटलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि माईकपाशी गेले.

"परीक्षक म्हणून माझं नाव पत्रिकेवर आहे, म्हणून सांगते," मी म्हटलं. "तिघांपैकी दोघांनी या चित्राला पहिलं बक्षीस दिलं होतं. हा निकाल आमचा नाही. यावर माझी सही..."

माईक बंद झाला. कुणी केला ते मी वळून पाहिलं नाही. साठ-साठ पोरांच्या वर्गात मी आयुष्यभर माईकशिवाय शिकवलं होतं. त्याच आवाजात पुढं बोलले, "यावर माझी सही नाही!"

पहिल्या रांगेत शिल्पकार काठी टेकून उठले. "माहीही नाही!"

मागून टाळ्या आल्या. सगळ्यांच्या नाहीत. पुढच्या दोन रांगा मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, याच्यानंतर तुम्हाला इथं कोणी बोलावणार नाही." मी म्हटलं, "लिहून द्या." आणि पायऱ्या उतरले.

बाहेर प्रदर्शनात ती भिंतीवरून आपलं चित्र उतरवत होती. कोणाला विचारलं नव्हतं. म्हातारी खालून बारदान सावरत होती. मी एक टोक धरलं. मला वाटलं होतं ती आभार मानेल. खोटं कशाला सांगू, वाटलं होतं.

"एक विचारू मॅडम?" घडी घालता घालता ती म्हणाली. "मजूर बाई आहे, हे त्यायले कोणं सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "माहीत नव्हतं. तरी सांगितलं."

"काहून?"

"तुझं चित्र जिंकावं म्हणून."

"चित्र पुरेसं नव्हतं का?"

ज्या कौतुकानं मी स्वतः चित्रं पाठवणं सोडलं होतं, तेच कौतुक मी तिच्या गळ्यात बांधायला निघाले होते. मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. म्हातारीच मध्ये पडली. "जाऊ दे वं. बाई बोलली तरी. बाकीचे तं बसूनच होते."

पुढं महिन्याभरानं मी तिला फोन केला. माझ्या घराची पुढची खोली रिकामी आहे, रस्त्यावरून दिसते, हवी तर चित्रं लाव, म्हटलं. तिनं आधी विचारलं, "खाली काय लिहिणार?" मी म्हटलं, "तू सांगशील ते." तिनं फक्त आपलं नाव आणि 'कोळसा, धागा, बारदान' एवढं लिहायला लावलं. आठ दिवस चित्रं लागली होती. गल्लीतले लोक आले, शिंकले, बसले. एका रविवारी भिवापूरहून तिची आई सातऱ्यावरच्या सहाजणींना घेऊन आली. त्या बराच वेळ एकेका हातापाशी थांबल्या आणि कोणता कुणाचा यावरून भांडल्या. एकीनं आपली बोटं चित्राशेजारी धरली आणि म्हणाली, "अंगठा चुकला तुहा." जिचं चित्र, ती हसली नाही. वही काढून तो अंगठा पुन्हा काढू लागली.

संस्थेनं यंदा फॉर्मवर नवा नियम छापला आहे. चित्रकला विभागात फक्त कागद आणि कॅनव्हास. तिनं फॉर्म मला वाचून दाखवला आणि 'माध्यम' या रकान्यात ठळक अक्षरात 'बारदान' लिहिलं.

"परत पाठवतील," मी म्हटलं.

"पाठवू द्या ना. परत आलं तं मी पुन्हा धाडीन. पोस्ट हापिस काही त्यायच्या बापाचं नाही."