राणीसाहेबांचा मुक्काम

आमचे रघोजीमामा बदकाच्या कुळंबुवर जीव टाकतात. रस्सा म्हटलेलं त्यांना चालत नाही. ओरत्तनाडु गावाजवळ त्यांची भातशेती आहे. कापणी झाली की रामस्वामी आपला बदकांचा कळप घेऊन येतो. शेतात सांडलेले दाणे आणि गोगलगायी बदकं खातात, शेताला खत मिळतं, आणि जाताना रामस्वामी मामांना एक बदक देतो. ते दुसऱ्या दिवशी पातेल्यात जातं.

गेल्या वर्षीचं बदक लंगडं आणि हडकुळं निघालं. मामा म्हणाले, जरा अंगानं भरू दे. तिथंच चुकलं. बदक ओसरीवर मान ताठ करून बसायचं, म्हणून मामा त्याला ‘राणीसाहेब’ म्हणू लागले.

वत्सलामामींनी कपाळाला हात लावला. "अहो, नाव ठेवलांत? झालं, आतां कुळंबु विसरा!"

झालंही तसंच. दिवाळी गेली, पोंगल झाला. मामांच्या ताटाशेजारी भात खाऊन राणीसाहेब चांगल्या गुबगुबीत झाल्या.

यंदा कळप बांधावर आला, तशी राणीसाहेबांनी मान वर केली आणि लंगडत सरळ त्या गर्दीत शिरल्या. सगळी बदकं सारखीच तपकिरी. हाका मारमारून मामांचा घसा बसला.

"जाऊ दे, आपल्या माणसांत गेली ती," असं म्हणत ते घरी आले खरे, पण घास उतरेना. एवढा दांडगा माणूस, पण त्यांचं तोंड मला बघवेना.

संध्याकाळी रामस्वामीनं बदकं जाळीच्या कुंपणात हाकलली. एक मागे रेंगाळलं, वळलं आणि लंगडत ओसरीवर येऊन मामांच्या ताटापाशी बसलं. मामा लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. मामी हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि मीही.

कळप निघाला त्या दिवशी रामस्वामी यंदाचं बदक घेऊन आला, चांगलं लठ्ठ. मामींनी मसाला वाटून ठेवलाच होता. मामांनी बदक हातात धरून जोखलं आणि सगळ्यांना दम भरला, "हिला कोण्ही नाव ठेवायचं न्हाई हां!"

रविवारी कुळंबु झालं, ते बाजारातून आणलेल्या कोंबडीचं. मामांनी दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, मग ताटातल्या भाताचे दोन गोळे वळले आणि ओसरीकडे बघून हाक मारली,

"राणीसाहेब! धाकट्या राणीसाहेब! चला, जेवायला या!"